प्रशिक्षक गेल्यावर

संघ जिंकू लागला की प्रशिक्षकाचे नाव घरोघरी पोचते आणि तो निघाला की ‘आता कोण?’ हा वादही घरोघरी रंगतो. चंद्रकांत पंडित यांनी २०२० मध्ये विदर्भाचा संघ सोडला, तेव्हा हाच प्रश्न होता. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता. पहिले विजेतेपद मिळायला २०१७-१८ चा हंगाम उजाडावा लागला. पुढच्या वर्षी जामठ्याला दुसरे मिळाले. दोन्ही वेळा शिस्तीचे पंडित पाठीशी होते. मग पुन्हा बाहेरचा बडा माणूस आणावा, की घरचा?

२०२२ मध्ये पंडितांनी मध्य प्रदेशलाही करंडक मिळवून दिला. अर्थात, विदर्भही संपला नाही. २०२४-२५ मध्ये तिसरे विजेतेपद आले, ते विदर्भाकडूनच खेळलेल्या उस्मान घनी यांच्या मार्गदर्शनाखाली. त्या हंगामात विक्रमी ६९ बळी घेणारा हर्ष दुबे विदर्भाच्याच वयोगटांच्या संघांतून वर आला होता. गुरू बदलला, पण खालची वाट शाबूत होती.

ही वाट चिमूरपर्यंत येते का, हा खरा प्रश्न. खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव कसोटीवीर झाला. पण लेदरचा चेंडू त्याच्या हाती आला तो विशीच्या उंबरठ्यावर. चिमूर-गडचिरोलीकडच्या पोराला तो कधी मिळणार आणि कसा धरावा हे कोण सांगणार? रणजीच्या प्रशिक्षकावर आपण तासभर भांडतो. गावच्या शाळेला क्रीडाशिक्षक आहे की नाही, यावरही थोडे भांडायला हवे.