गॅदरिंगच्या दिवसांतली पोटदुखी

मार्गशीर्षातले गुरुवार सुरू झाले, सकाळी तोंडातून वाफा निघू लागल्या, की आमच्या दवाखान्यातली गर्दी बदलते. पावसाळ्यातले ताप आणि जुलाब मागे पडतात. सर्दी-खोकला, दमा, सांधेदुखी आणि भेगाळलेल्या टाचा पुढे येतात. याच दिवसांत आणखी एक तक्रार हमखास येते, पण हिवाळ्याच्या आजारांत तिला कोणी धरत नाही. ती म्हणजे शाळकरी मुलांची सकाळची पोटदुखी.

वाचकहो, दिवाळीची सुट्टी संपल्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ शाळेच्या दृष्टीने मोठा धामधुमीचा. क्रीडास्पर्धा, सहल, आनंद मेळावा आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे स्नेहसंमेलन, आपल्या नेहमीच्या भाषेत गॅदरिंग. काही शाळा दिवाळीची सुट्टी कमी करून नाताळात आठवडाभर सुट्टी देतात. बहुतेक मराठी शाळांत नाताळचा एकच दिवस मिळतो. पण सुट्टी असो वा नसो, या दिवसांत अभ्यासाचा जोर थोडा ओसरतो आणि सगळ्या घराचे लक्ष शाळेच्या मांडवाकडे लागते. हा आनंदाचा काळ आहे. मग पोट दुखते ते कशाने?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. चौथीतली एक मुलगी. वडील टेम्पो चालवतात, आई पोळीभाजीचे डबे करते. मुलीचे बेंबीपाशी दुखे, तेही सकाळी शाळेच्या वेळेला. पहिल्या खेपेला मी जंताचे औषध दिले. दुसऱ्या खेपेला लघवी तपासली. तिसऱ्या खेपेला सोनोग्राफीची चिठ्ठी लिहायला घेतली. आई उठता उठता म्हणाली, “डॉक्टरसाहेब, रविवारी मात्र एकदम ठणठणीत असते हो.”

माझे पेन थांबले. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. मी आईला बाहेर बसवले आणि मुलीला विचारले, “शाळेत काय चाललंय गं सध्या?” बराच वेळ ती बोलली नाही. मग कळले ते असे. तिला नाचात घेतले होते. पंधरा दिवस तालीम झाली. मग ड्रेपरीचे चारशे रुपये शनिवारपर्यंत आणा असे वर्गात सांगितले. भावाची क्लासची फी तटलेली आहे, हे तिला ठाऊक होते. तिने घरी शब्द काढला नाही. बाईंना सांगितले, “मला नाचायचं नाही.” तेव्हापासून तालमीच्या तासाला ती वर्गात एकटी बसत होती आणि मैदानावरचे गाणे ऐकत होती.

मी ती चिठ्ठी फाडली. आईच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, “चारशे रुपये काय, मी कुठूनही आणले असते.” दुसऱ्या दिवशी ती बाईंना भेटली. बाईंनाही यातले काही माहीत नव्हते. त्यांनी मुलीला परत घेतले आणि मामेबहिणीच्या परकर-पोलक्यात ती मागच्या रांगेत नाचली. पोटदुखी जादूने थांबली असे मात्र नाही. ती कमी झाली आणि संक्रांतीनंतर हळूहळू गेली. त्या बाईंनी पुढच्या वर्षीपासून आपल्या वर्गाचा नाच घरच्या कपड्यांतच बसवायचे ठरवले. माझ्या मते त्या शाळेत झालेला तो सर्वांत चांगला आरोग्य-उपक्रम होय.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. असे दुखणे म्हणजे मुलाचे नाटक नव्हे. आपल्या आतड्यांत मज्जातंतूंचे दाट जाळे असते आणि त्याचा मेंदूशी सतत संवाद चालू असतो. मोठ्या माणसाला काळजीने झोप लागत नाही, लहान मुलाच्या पोटात कळ येते. कळ खरीच असते. जॉन ॲप्ली या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह 1958 साली एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत साधारण दर नऊ-दहा मुलांमागे एकाला अशी वारंवार पोटदुखी आढळली आणि त्यांतील बहुसंख्य मुलांत शारीरिक रोग सापडला नाही.

पण म्हणून प्रत्येक पोटदुखी मनाची समजून घरी बसू नये. दुखणे बेंबीपासून दूर, विशेषतः उजव्या बाजूला खाली असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, सोबत ताप, हिरवी उलटी, शौचातून रक्त किंवा लघवीला जळजळ असेल, मुलाचे वजन घटत असेल, तर ताबडतोब डॉक्टर गाठावा. यांपैकी काही नसेल आणि दुखणे शाळेच्या दिवशीच येत असेल, तर औषधाच्या दुकानाआधी मुलाशेजारी बसावे.

यावर काही पालक म्हणतील, “मग हे गॅदरिंग बंदच करा ना! अभ्यास बुडतो, खर्च होतो आणि वर आजारपण.” मी याच्या पूर्ण विरुद्ध मताचा आहे. आपल्या गावात सगळ्या घराने एका सतरंजीवर बसावे असे प्रसंग आता किती उरले? एरवी पालक शाळेत जातात ते गुणपत्रिका घ्यायला, नाहीतर तक्रार ऐकायला. गॅदरिंगच्या संध्याकाळी आजी, आत्या, शेजारी, दुकान लवकर बंद करून आलेले बाबा, सगळे एका मुलाकडे कौतुकाने पाहतात. गणितात मागे असलेला मुलगा नाटुकल्यात हवालदार होऊन टाळ्या घेतो, तेव्हा त्याच्या घरात महिनाभर निराळे वारे वाहते. हे औषध मला चिठ्ठीवर लिहून देता येत नाही. दहावीच्या मुलांचा अभ्यास हा खरा प्रश्न आहे, पण त्यांची तालीम मोजक्या दिवसांची ठेवून तो सुटतो.

माझे म्हणणे एवढेच की, जे औषध आहे ते सर्वांना मिळाले पाहिजे. आज बहुतेक शाळांत तीच पंधरा-वीस गोरीगोमटी, चुणचुणीत मुले प्रत्येक कार्यक्रमात दिसतात. बाकीची दोनशे मुले खाली बसून टाळ्या वाजवतात. दरवर्षी टाळ्याच वाजवणाऱ्या मुलाच्या मनात ‘आपण त्यातले नाही’ हे पक्के बसते. समूहगीत, पडदा ओढणे, फलकलेखन, पाहुण्यांना गुलाबपुष्प देणे, ध्वनिक्षेपकावर नावे पुकारणे अशी पन्नास कामे असतात. प्रत्येक मुलाच्या वाट्याला एक काम येईल अशी यादी शिक्षकांनी ठरवले तर एका दुपारी तयार होते.

आमच्या भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आहेत. कारखान्यांचा हंगाम वसंतापर्यंत चालतो, म्हणजे गॅदरिंगच्या वेळी ही मुले फडावर किंवा हंगामी वसतिगृहात असतात. आजीकडे मागे राहिलेल्या मुलाला तालमीनंतर अंधार पडल्यावर घरी न्यायला कोणी नसते, म्हणून त्याचे नाव आपोआप गळते. त्याने नाव का दिले नाही, असे कोणी विचारत नाही. अशा मुलाला शेजारच्या घराने आपल्या मुलाबरोबर आणले-नेले, तर खर्च एका पैशाचा नाही.

दुसरी गोष्ट फिशपाँडची. मी स्वतः शाळेत असताना माझ्या तोतरेपणावर फिशपाँड पडला होता. सगळी शाळा हसली, मीही हसलो. पण त्यानंतर दोन वर्षे मी वर्गात उभे राहून वाचले नाही. कोणाच्या रंगावर, लठ्ठपणावर, चष्म्यावर, बोलण्यावर पडलेला फिशपाँड हा विनोद नसतो. आता तर तो मोबाईलवर चित्रित होऊन रात्रीतच गावभर फिरतो. वयात येणाऱ्या मुलामुलींना तो फार खोल लागतो. चिठ्ठ्या आधी एका जबाबदार शिक्षकाने वाचाव्यात आणि शरीरावर बोलणारी प्रत्येक चिठ्ठी बाजूला काढावी. बाकी थट्टा खुशाल होऊ द्या.

आता थोडे थंडीविषयी. कार्यक्रम उघड्या मैदानावर असतो, पाहुण्यांची भाषणे लांबतात आणि पहिलीतली मुले पातळ जरीच्या कपड्यांत रात्री दहापर्यंत स्टेजमागे कुडकुडत बसतात. लहान वर्गांचे कार्यक्रम आधी घ्यावेत आणि भाषणे शेवटी. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार एरवी बंदीच आहे, ती शाळेनेच मोडू नये. दम्याच्या मुलाला स्टेजवरचा धूर, फटाके आणि पावडर यांचा त्रास होतो. त्याचा पंप दप्तरात नव्हे, बाईंच्या हाताशी असावा. पंपाने सवय लागते ही समजूत चुकीची आहे.

ज्याला ताप आहे, त्याला गोळी देऊन स्टेजवर चढवू नये. साध्या सर्दी-खोकल्याला प्रतिजैविकांचा उपयोग नसतो. विश्रांती, कोमट पाणी आणि रुमाल पुरेसे. आजी-आजोबांनी मफलर, स्वेटर घालूनच यावे आणि रक्तदाबाची गोळी त्या गडबडीत चुकवू नये. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. छातीत दाबल्यासारखे वाटले तर नातवाचा नाच संपण्याची वाट पाहू नये.

झोपेचाही हिशेब असावा. सहा ते बारा वयाच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. राज्य शासनाने 8 फेब्रुवारी 2024 रोजी निर्णय काढून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितले, ते याच कारणाने. गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी शाळा उशिरा भरली तर काही बिघडत नाही.

सहलीबाबत एकच सांगतो. 1 फेब्रुवारी 2016 रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले 14 महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. ती तर मोठी, कळती मुले होती. समुद्र, धरण, नदी येथे सहल गेली तर पाण्यात उतरायचे नाही, ही अट पालकांनी संमतिपत्रावर स्वतःच्या हाताने लिहावी.

घराघरांत या दिवसांत बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, डिंकाचे लाडू होतात. शरीराची काळजी घ्यायला आपल्या आयाबायांना कोणी शिकवायला नको. माझी विनंती वेगळी आहे. आज रात्री जेवताना मुलाला “तुझा नंबर आला का?” असे विचारू नका. विचारा, “तुमच्या वर्गातलं कोण कशातच नाही?” उत्तरात एखाद्या मित्राचे नाव येईल. कदाचित मूल गप्प बसेल आणि ताटाकडे पाहील. ते गप्प बसले, तर समजा की ते मूल तुमचेच आहे. मग भाकरी बाजूला ठेवा आणि त्याचे ऐका. ड्रेपरीचे चारशे रुपये ही फार मोठी रक्कम नव्हे आणि नसले तरी लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. पण चौथीतल्या पोरीने ते ओझे एकटीने पोटात वाहावे, हे मात्र आपल्या सगळ्यांना लाज वाटण्यासारखे आहे.