फुकट घराचे महिन्याचे बिल

झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पात्र कुटुंबाला 300 चौरस फुटांचे घर मोफत मिळते. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च मात्र त्याच्याच माथी. इमारत सात मजल्यांची असो की बावीस, घर तेवढेच राहते. महिन्याची वर्गणी मात्र मजल्यांबरोबर चढते. घरकामावर वा रोजंदारीवर चालणाऱ्या संसाराला ती झेपली नाही की थकबाकी साचते, लिफ्टची दुरुस्ती रखडते आणि वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसे घरात अडकून पडतात. याला रहिवाशांची बेपर्वाई म्हणणे सोयीचे आहे. वास्तविक हा बिघाड नकाशावरच आखलेला असतो.

मुंबईत जागा कुठे आहे, हा आक्षेप ठरलेला. तो अर्धाच खरा. या योजनेत घरांचा पैसा विक्रीच्या चटईक्षेत्रातून निघतो. त्यामुळे विक्रीच्या टॉवरला भूखंड मोकळा करण्यासाठी पुनर्वसनाची इमारत दाटून उंच केली जाते. शिवाय तिच्या बांधकामात काटकसर करून वाचवलेला पैसा मग रहिवासी देखभालीपोटी हप्त्याहप्त्याने भरतो. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला सिडकोसाठी 1980च्या दशकात चौकाभोवती सात-सात कमी उंचीची घरे मांडली. शेजाऱ्याशी सामायिक भिंत नाही, लिफ्टचा प्रश्नच नाही, तरी हेक्टरी सुमारे 500 माणसांची वस्ती बसली. धारावीला हे माप पुरणार नाही, हे उघड आहे. पण उंची अटळ असली तरी भरदिवसा दिवा लावावा लागणारा बंदिस्त जिना अटळ नाही. खिडकीवर पुरेसा छज्जा, गच्चीला नीट उतार, हात पोहोचेल अशा डक्टमधले नळ, उजेड-वारा येणारा जिना: यांत अवघड काहीच नाही, आणि कोकणातल्या पावसाळ्यात गळती व रंगकाम यांवरचा खर्च इथेच वाचतो.

देखभालीसाठी विकासकाकडून घरटी ठेव घेतली जाते, असे सांगितले जाईल. दीर्घकाळ ती 40 हजार रुपये होती; सात टक्के व्याज धरले तरी त्यातून महिन्याला 233 रुपयेच निघत. वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात तर 12 वर्षांची देखभाल मोफत देऊ केली आहे; म्हणजे हा भार रहिवाशांना पेलणारा नाही, हे सरकारलाही ठाऊक आहे. तेव्हा नकाशा मंजुरीला येईल तेव्हाच झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने घरटी मासिक देखभाल खर्चाचा हिशेब लेखी मागावा, आणि तो रहिवाशांच्या आवाक्याबाहेर असेल तर नकाशा परत पाठवावा.