सतरंज्या आणि तिकीट

परवा विहारात वंदना झाल्यावर एका पोराने आम्हाला अडवले. "काका, मत द्यायला अठरा वर्षे पुरतात, मग आमदार व्हायला पंचवीस कशाला?" १९८९ साली मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले, घटनेच्या १७३ व्या कलमातले विधानसभेचे २५ आणि विधान परिषदेचे ३० तसेच राहिले. आमची तक्रार त्या अटीबद्दल नाही. पंचविशी ओलांडून चाळिशीला टेकली तरी आपली पोरे सतरंज्याच उचलतात, ही आहे.

बाबासाहेब मुंबई विधिमंडळावर नियुक्त झाले तेव्हा पस्तिशीचे होते. महार वतनाचे बिल त्यांनी १९२८ साली तिथेच मांडले. १९३७ साली निवडून आलेले दादासाहेब गायकवाड ३४ वर्षांचे!

२०२४ च्या विधानसभेत सर्वांत तरुण निवडून आले रोहित पाटील, वय २५, माजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांचे चिरंजीव. त्यांच्याबद्दल आकस नाही. पण अनुसूचित जातींसाठी राखीव २९ जागांपैकी एकीवर तिकीट मागायला गेलेला आमच्या वस्तीतला पदवीधर "अजून लहान आहेस" ऐकून परत आला. त्याचे वय ३३. थोरली मुलगी चौथीत आहे.