जुनवानी : सेक्टरांबाहेरचे भिलाई

भिलाई म्हटले की १९५५ चा भारत-सोव्हिएत करार आणि १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी उद्घाटन केलेली पहिली झोतभट्टी आठवते. कारखान्याच्या वसाहतीला सेक्टरांचे क्रमांक मिळाले. तिच्याबाहेरील जुनवानीने गावाचे नाव राखले. आज तेथे निवांत घरे, श्री शंकराचार्य महाविद्यालय आणि सूर्या मॉल दिसतात. नियोजित वसाहतीचा इतिहास कारखान्याच्या दप्तरात सुरक्षित आहे; जुनवानीसारख्या वस्तीचा मात्र महसुली नकाशांतच शोधावा लागतो. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती, म्हणून हा वारसा मराठी वाचकालाही परका नाही. नव्या बांधकामांस परवानगी देताना महापालिकेने जुन्या गावठाणाची सीमा शहराच्या नकाशावर नोंदवावी. एकदा पुसलेली सीमा केवळ नावावरून पुन्हा आखता येत नाही.