जेवण झाले, बिल वाचले का?

आयटी पार्कमध्ये नोकरीला लागलेल्या मुलामुलींच्या पाठोपाठ त्यांचे आईवडीलही हिंजवडी, माण, मारुंजीच्या सोसायट्यांत राहायला आले. मुले दिवसभर कामावर आणि संध्याकाळी वाहतूककोंडीत. मग हे ज्येष्ठ आपापसांत ओळखी करतात, भिशी सुरू करतात, महिन्यातून एकदा दुपारी एकत्र बाहेर जेवायला जातात. एक डॉक्टर म्हणून मला या जेवणाचे मोल मोठे वाटते. एकटेपणावर यासारखा उतारा नाही. म्हणूनच अशा जेवणानंतर कुणाची फसगत झाली आणि त्याने पुढे जाणेच सोडले, असे कानावर आले की ती केवळ पैशांची हानी राहत नाही.

आरोग्यविषयक सदरात बिलाची चर्चा कशासाठी, असे आपण विचाराल. कारण शरीराशी निगडित आहे. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर व धूसर होते. उपाहारगृहातील मंद उजेडात बारीक छपाई वाचणे कठीण जाते. गोंगाटात बोलणे नीट ऐकू येत नाही आणि पुन्हा विचारण्याचा संकोच वाटतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवणाला उशीर झाला, तर साखर उतरून विचारांत गोंधळ होतो. शिवाय भरपेट जेवणानंतर अनेक वृद्धांचा रक्तदाब तासा-दोन तासांत खाली येतो. डोके हलके वाटते, सुस्ती येते. नेमके त्याच वेळी बिल समोर ठेवले जाते आणि सर्वांना निघण्याची घाई असते.

उपाय साधा आहे. उठण्याच्या बेतात असताना बिल मागू नका. ताक किंवा चहा घेत असतानाच मागवा. चष्मा लावा, मोबाइलचा दिवा लावा आणि बसून वाचा. त्यासाठी पाच मिनिटे लागली तर लागू द्यात.

बिलात काय पाहावे?

प्रथम पदार्थ आणि त्यांची संख्या. न मागितलेली पाण्याची बाटली, दोनऐवजी तीन रोट्या, परत पाठवलेली भाजी या गोष्टी बहुधा गडबडीत राहून जातात, कधी मुद्दामही. नंतर कर. साध्या उपाहारगृहात जीएसटी ५ टक्के असतो. बिलावर तो अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळींत दिसतो. ज्या हॉटेलांत खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक आहे, तेथील उपाहारगृहात तो १८ टक्के असू शकतो. कंपोझिशन योजनेत नोंदलेल्या लहान उपाहारगृहाला मात्र ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही.

तिसरी ओळ सेवाशुल्काची, म्हणजे ‘सर्व्हिस चार्ज’ची. अनेकांना तो सरकारी कर वाटतो. तो कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार उपाहारगृहाने हे शुल्क आपोआप बिलात लावू नये, दुसऱ्या नावानेही वसूल करू नये आणि ते न देणाऱ्याला प्रवेश वा सेवा नाकारू नये. हॉटेल व्यावसायिकांच्या संघटनांनी त्याला आव्हान दिले. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ च्या निकालात ती तत्त्वे ग्राह्य ठरवली.

हिशेब करून पाहू. जेवण १,२०० रुपयांचे झाले, तर ५ टक्के कर धरून १,२६० रुपये होतात. त्यात १० टक्के सेवाशुल्क मिळवले की १,३२० रुपयांवर कर लागून बिल १,३८६ होते. वरचे १२६ रुपये आपण देण्यास बांधील नाही. ‘हे काढून द्या’ असे शांतपणे सांगावे. न ऐकल्यास बिल जपून ठेवावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी. वाढप्याशी वाद घालून रक्तदाब वाढवू नये; शुल्काचा निर्णय त्याचा नसतो.

बक्षिसी मनापासून, पण स्वतःच्या हाताने

बक्षिसी ही आपली खुशी आहे. सेवाशुल्क आधीच भरले असेल, तर वेगळी टीप देण्याचे दडपण घेऊ नका. द्यायची असेल, तर ज्याने आपुलकीने वाढले त्याच्या हातात रोख द्यावी. त्यासाठी दहा-वीसच्या काही सुट्या नोटा जवळ असाव्यात. काही अ‍ॅपवर पैसे भरताना टीप किंवा देणगीच्या चौकोनात आधीच खूण केलेली असते. ग्राहकाच्या संमतीविना अशी रक्कम जोडणे ही अनुचित क्लृप्ती असल्याचे त्याच प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या तत्त्वांत म्हटले आहे. ती खूण काढा, एकूण रक्कम पुन्हा पाहा आणि मगच पुढे जा.

पैसे देताना

क्यूआर कोडवर दुसरा कोड चिकटवून पैसे भलत्याच खात्यात वळवण्याचे प्रकार देशात घडले आहेत. म्हणून कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर येणारे नाव मोठ्याने वाचा: ‘अमुक नावाने येते आहे, बरोबर ना?’ गल्ल्यावरच्या माणसाने होकार दिल्यावरच रक्कम घाला. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो. पैसे मिळवण्यासाठी कधीही लागत नाही. ‘जास्त कापलेले पैसे परत पाठवतो, पिन टाका’ असे कोणी म्हटले, तर व्यवहार तेथेच थांबवा.

कार्ड वाढप्याबरोबर आत पाठवू नका. यंत्र टेबलाशी मागवा किंवा स्वतः गल्ल्यावर जा. यंत्रावरचा आकडा वाचूनच पिन दाबा. ८६० आणि ८,६०० यांत एका शून्याचा फरक असतो. पिन कोणालाही सांगू नका, कितीही सौजन्याने विचारला तरी. कार्ड नुसते टेकवून ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनविना होऊ शकतो. ही सोय नको असल्यास बँकेच्या अ‍ॅपवरून किंवा शाखेत सांगून ती बंद करता येते. खर्चाची मर्यादाही ठरवता येते. निवृत्तिवेतनाचे खाते मोबाइलला जोडण्यापेक्षा तीन-चार हजार रुपयांचे वेगळे खाते जोडावे, असे मी सुचवेन.

घर सोडण्यापूर्वीही सावध असावे. ‘एका थाळीवर दोन थाळ्या मोफत’ अशा खोट्या जाहिराती समाजमाध्यमांवर फिरतात. नोंदणीसाठी दहा रुपये भरा म्हणून दुवा येतो आणि कार्डाची माहिती, ओटीपी काढून घेतला जातो. इंटरनेटवर सापडलेला उपाहारगृहाचा दूरध्वनी क्रमांकही बनावट असू शकतो. जुन्या बिलावरचा किंवा परिचिताकडून मिळालेला क्रमांक अधिक बरा.

फसगत झालीच तर

वेळ दवडू नका. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. रक्कम पुढे काढली जाण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता असते. बँकेला कळवून कार्ड बंद करा. हिंजवडी पोलीस ठाणे पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते, हेही ध्यानात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, आपली चूक नसताना तिऱ्हाइताने पैसे काढले आणि बँकेकडून सूचना आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत आपण कळवले, तर नुकसानाचा भार आपल्यावर पडत नाही. आपणच पिन वा ओटीपी दिला असेल, तरी कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे कळवणे नेहमीच हिताचे.

पण अनेक ज्येष्ठ कळवत नाहीत. एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ झोप येत नाही म्हणून माझ्याकडे आले होते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो. गोळ्या नियमित असूनही रक्तदाब चढा होता. तिसऱ्या भेटीत त्यांनी सांगितले, थाळीच्या जाहिरातीत अठरा हजार रुपये गेले आणि घरी कोणालाच ठाऊक नाही. ‘मुलगा मोबाइल काढून घेईल,’ ही त्यांची भीती पैशांपेक्षा मोठी होती. भिशीच्या जेवणालाही ते जाईनासे झाले होते.

काळजीवाहकांनो, येथे आपली कसोटी आहे. ‘बाबा, तुम्हाला सांगितले होते ना!’ या वाक्याने पुढची तक्रार कायमची दडपली जाते. आधी १९३० ला फोन लावा, शेजारी बसा, चर्चा नंतर. पैशांचा व्यवहार हाती असणे हा वृद्धांच्या आत्मसन्मानाचा भाग आहे. तो काढून घेण्यापूर्वी सवयी लावून पाहा. मोबाइलवरची अक्षरे मोठी करून द्या, १९३० आणि बँकेचा क्रमांक फोनमध्ये साठवून द्या, एकदा सोबत बसून बिल वाचा.

मात्र एक लक्षण दुर्लक्षू नये. पूर्वी चोख हिशेब ठेवणारी व्यक्ती वारंवार सुट्या पैशांत चुकू लागली, तेच बिल दोनदा भरू लागली, सहज फसू लागली, तर स्मृतिभ्रंशाची ती सुरुवात असू शकते. दृष्टी, श्रवण, साखर, थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व आणि स्मरणशक्ती यांची तपासणी करून घ्यावी. यातील काही कारणे पूर्ण बरी होण्यासारखी असतात.

पुढच्या भिशीला अवश्य जा. निघताना औषधाची वेळ, चष्मा, श्रवणयंत्र आणि सुट्या नोटा एवढे तपासा. जेवण चवीने करा, बिल सावकाश वाचा.