रीत दाखवा!

उत्तर बरोबर, पण रीत नाहीं, अशा गणितास आम्हीं कधीं पुरते गुण दिले नाहींत. हॉजकिन व हक्सले यांनीं १९५२ सालीं माकूल ह्या सागरजीवाच्या जाड चेतातंतूंतील विद्युत्स्पंदांचीं समीकरणें प्रसिद्ध केलीं. हक्सले यांनीं तीं हातानें फिरवावयाच्या यंत्रावर सोडविलीं. केंब्रिजचा संगणक तेव्हां फेरबदलासाठीं बंद होता! आतां सहस्रावधि चेतापेशींचीं तशीं समीकरणें संगणक सोडवितो. रीत मात्र आज्ञावलींत दडून राहते. गुडमन व ब्रेट यांनीं पॅरिस येथें रचिलेल्या, २००८ सालीं विद्वानांपुढें मांडलेल्या 'ब्रायन' ह्या आज्ञावलींत समीकरण वहींत लिहावें तसेंच लिहितां येतें, आणि तिची मूळ संहिता कोणासही वाचतां, तपासतां, सुधारतां येते. ती फुकट मिळते, याचें आम्हांस तितकेंसें कौतुक नाहीं. रीत दिसते, याचें आहे.