कायद्याचे वय आणि मुलाची उंची

एसटीच्या वाहकापुढे थोराड अंगाचे मूल उभे राहिले की त्याच्या वयाविषयी हुज्जत होते, हा अनुभव महाराष्ट्रातील बहुतेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. अर्ध्या तिकिटाला अट वयाची असते आणि वाहकाच्या डोळ्यांना मात्र उंची दिसते. तेथे घोळ झाला तर फार तर अर्ध्या तिकिटाचे पैसे जास्त द्यावे लागतात. तोच घोळ स्वतःच्या मोटारीत मुलाला बसवताना झाला, तर त्याची किंमत पैशांत मोजता येत नाही.

कर्ज काढून का होईना, शिक्षक, बँकेतील कर्मचारी, सरकारी कारकून यांच्या दारात आता मोटार उभी राहू लागली आहे. पण त्या मोटारीत दोन-तीन वर्षांचे मूल बसते ते बहुधा आईच्या मांडीवर; नाही तर पुढच्या दोन आसनांच्या मधल्या फटीत उभे राहते, आणि गाडी जरा महागाची असली तर सनरूफमधून डोके बाहेर काढून वारा खाते. ज्यांना हे धोक्याचे वाटते ते पालक मुलासाठी वेगळे आसन, म्हणजे कार सीट, घ्यायला जातात. तेथे खोक्यावर ‘दोन ते चार वर्षे’, ‘चार वर्षांपुढे’ असे काही छापलेले असते. मूल अडीच वर्षांचे, पण दिसायला चार वर्षांचे असेल तर कोणते आसन घ्यावे? विक्रेता सहजपणे पुढच्या वयाचे आसन दाखवतो आणि पालकही मुलाच्या वाढीच्या कौतुकात ते घेऊन येतात. हा निर्णय दिसतो तितका निरुपद्रवी नाही.

मांडीवरचे गणित

या प्रश्नाचे मूळ साध्या पदार्थविज्ञानात आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार कशावर तरी आदळून थांबली, तरी आतले न बांधलेले मूल त्याच वेगाने पुढे जात राहते. हा आघात सुमारे दहा मीटरांवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडण्याइतका असतो. मोटार अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली असे धरले, तर १५ किलो वजनाच्या मुलाला जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी सुमारे ३०० किलोंचा भार पेलण्याइतके बळ लागते. कोणत्याही आईच्या हातांत ते नसते. वात्सल्याचा येथे काहीही उपयोग होत नाही, हे कठोर असले तरी सत्य आहे.

मग मोठ्या माणसांचा पट्टाच मुलाला बांधला तर? पट्ट्याची रचना प्रौढ शरीराला धरून केलेली असते. त्याचा खालचा भाग कमरेच्या हाडाच्या कंगोऱ्यावर टेकावा आणि वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून जावा, अशी ती योजना आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या कमरेचे हाड पुरते आकाराला आलेले नसते. त्यामुळे धक्का बसताच पट्टा वर सरकून पोटात रुततो, आणि वरचा भाग गळ्यावरून जातो. शिवाय लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे असते. प्रौढाच्या उंचीत डोक्याचा वाटा साधारण सातवा-आठवा असतो, दोन वर्षांच्या मुलात तो पाचवा. ते जड डोके पेलणाऱ्या मानेचे मणके अजून अंशतः कूर्चेचेच असतात. समोरून टक्कर झाली की हे डोके पुढे हिसडले जाते आणि सारा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो.

म्हणूनच लहान मुलाला मागे तोंड करून बसवावे, असे या विषयातील जाणकार सांगतात. आसनाची पाठ गाडीच्या पुढच्या बाजूला असली की आघात मुलाच्या पाठीवर व डोक्याच्या मागच्या भागावर सारखा पसरतो आणि मानेला हिसका बसत नाही. स्वीडनमधील संशोधक बर्टिल आल्डमान यांनी १९६०च्या दशकात ही कल्पना मांडली. अवकाशयात्री उड्डाणाचा ताण पाठीवर घेतात, यावरून त्यांना ती सुचली होती. त्या देशात मुलांना चार वर्षांची होईपर्यंत असे बसवण्याचा प्रघात पडला आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये आपल्या शिफारशीतून दोन वर्षांची मर्यादा काढून टाकली आणि आसनाची उंचीची व वजनाची मर्यादा संपेपर्यंत मुलाला मागे तोंड करूनच बसवावे, असे सांगितले.

कायद्यातील ‘किंवा’

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलम १९४-ब आले आणि त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून ते अमलात आहे. चौदा वर्षांखालील मूल सुरक्षापट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या खास आसनाने बांधलेले नसेल, तर एक हजार रुपये दंड, असे हे कलम म्हणते. सारी गोम त्या ‘किंवा’मध्ये आहे. तेरा वर्षांच्या मुलाला पट्टा पुरतो, हे खरे. परंतु दोन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा बांधला तरीही या कलमाच्या शब्दांत बसते. कायद्याने चौदा वर्षांचा सारा पट एकाच रेघेत बांधला आहे, आणि त्या पटात मुलाचे शरीर किती वेळा बदलते याचा विचार केलेला नाही.

हा विचार आपल्या शासनाला सुचतच नाही, असेही म्हणता येत नाही. मोटारसायकलवरून नेल्या जाणाऱ्या नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी वेगळे नियम २०२२ मध्ये करण्यात आले आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून ते लागू झाले. मुलाला चालकाशी जोडणारे पट्टे, त्याच्या मापाचे शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा अशी तपशीलवार तरतूद त्यांत आहे. लहान मूल म्हणजे छोट्या आकाराचे मोठे माणूस नव्हे, हे दुचाकीच्या बाबतीत ज्या शासनाला उमगले, त्याला चारचाकीच्या बाबतीत ते का उमगू नये?

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. मागे बसलेल्यांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी त्या वेळी सांगितले. त्यानंतर काही महिने मागच्या आसनावरील पट्ट्याची चर्चा देशभर झाली. त्या चर्चेत मागच्या आसनावर नेहमी बसणाऱ्या लहान मुलांचा उल्लेख क्वचितच आला.

वजनाकडून उंचीकडे

आसनाची निवड कशावरून करावी, याविषयी जगाचे मतही बदलत आले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत १९८१ मध्ये अमलात आलेला ४४ क्रमांकाचा नियम मुलांचे गट वजनावरून पाडत असे : १३ किलोंपर्यंत एक, ९ ते १८ किलोंपर्यंत दुसरा, असे. भारतातील एआयएस-०७२ हे मानक याच पठडीत आखले गेले. पुढे २०१३ मध्ये १२९ क्रमांकाचा नवा नियम आला. त्याने उंची हा निवडीचा मुख्य निकष केला, पंधरा महिन्यांपर्यंत मागे तोंड करून बसवणे अनिवार्य ठरवले आणि बाजूने होणाऱ्या टकरीची चाचणी त्यात घातली. युरोपीय संघात जुन्या नियमाखालील आसनांची विक्री १ सप्टेंबर २०२४ पासून बंद झाली.

उंची मोजणे वजन मोजण्याहून सोपे असते आणि पालक वजनाच्या बाबतीत अदमास बांधतात. त्यामुळे हा बदल शहाणपणाचाच म्हटला पाहिजे. पण उंच मुलाच्या बाबतीत त्यातही एक पेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांप्रमाणे तीन वर्षांच्या मुलग्याची मध्यम उंची ९६.१ सेंटिमीटर असते. शंभरांतील दोन-तीन मुलगे मात्र १०३.५ सेंटिमीटरच्याही वर असतात, आणि ही उंची चार वर्षांच्या मध्यम मुलग्याएवढी होते. मागे तोंड करून बसवण्याची अनेक आसने १०५ सेंटिमीटरपर्यंतच चालतात. म्हणजे मध्यम बांध्याच्या मुलाला जे आसन सव्वाचार वर्षांपर्यंत पुरेल, ते उंच मुलाला तिसऱ्या वाढदिवसानंतर काही महिन्यांतच अपुरे पडू लागते. दुसऱ्या बाजूला, मोटारीचाच पट्टा वापरून मुलाला उंचावर बसवणारे बूस्टर आसन १०० सेंटिमीटरपासून विकले जाते. उंच मूल तीन वर्षे पुरी होण्याआधीच त्या मापात बसते. त्याची उंची चार वर्षांच्या मुलाची असली तरी त्याची हाडे आणि मान तीन वर्षांचीच असतात. शिवाय चुळबुळ न करता पट्ट्याखाली नीट बसून राहण्याची समज उंचीबरोबर येत नाही.

म्हणून उंचीची मर्यादा संपणे हे हातचे आसन सोडण्याचे कारण ठरते. तेवढ्याने पुढच्या प्रकाराच्या आसनाची लायकी येत नाही. मूल उंच असेल तर पाठीची फळी अधिक उंच आणि मर्यादा अधिक वरची असलेले, परंतु त्याच प्रकारचे आसन शोधावे, हा यातील मार्ग होय. युरोपात १२५ सेंटिमीटरपर्यंत मागे तोंड करून बसवता येणारी आसने मिळतात. आपल्या बाजारात तसे मिळाले नाही, तर पुढे तोंड असलेले, पण स्वतःचे पाच टोकांचे पट्टे असलेले आसन घ्यावे. बूस्टर त्यानंतरचे.

निवड करताना उंचीबरोबर मुलाच्या धडाची लांबीही पाहावी लागते. दोन मुले सारख्याच उंचीची असली तरी एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचे धड. आसन लवकर अपुरे पडते ते लांब धडाच्या मुलाला. पाय दुमडावे लागतात, समोरच्या पाठीला टेकतात, म्हणून पालक मुलाचे तोंड पुढे फिरवतात. वास्तविक पाय दुमडून बसणे मुलाला जड जात नाही आणि त्यात धोका मानला जात नाही. पाहायचे ते डोके. मागे तोंड असताना ते आसनाच्या फळीच्या आतच असले पाहिजे. पट्टे मागे तोंड असताना खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून, आणि पुढे तोंड असताना खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून निघावेत. गळपट्टीच्या हाडाशी पट्ट्याची चुणी बोटांत पकडता आली तर तो सैल आहे असे समजावे. पुढच्या आसनासमोर एअरबॅग चालू असेल, तर तेथे मागे तोंड असलेले आसन कदापि ठेवू नये. आणि खरेदीपूर्वी आसन स्वतःच्या गाडीत बसवून पाहावे. आपल्याकडील छोट्या गाड्यांत उंच फळीचे आसन पुष्कळदा मावतच नाही.

बाजाराची मर्यादा

इतका सारा विचार प्रत्येक पालकाने स्वतः करावा, ही अपेक्षा अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही टिकणारी नाही. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की विकणाऱ्याला वस्तूचे गुणदोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात, तेथे चांगला माल मागे पडतो व वाईट माल टिकतो. या विचाराला २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मुलांच्या आसनाला हे तंतोतंत लागू पडते. आसन चांगले की वाईट, हे अपघात होईपर्यंत कळत नाही. वापरलेल्या आसनाला अपघाताचा धक्का बसला आहे की काय, हे वरून दिसत नाही. ग्राहकाला दिसतात त्या दोनच गोष्टी : किंमत आणि खोक्यावरचे वय.

किंमत हाही लहानसा प्रश्न नाही. साध्या आसनाला काही हजार रुपये पडतात आणि आयात केलेल्या उंच आसनाला त्याच्या कित्येक पट. शिवाय ही वस्तू दोन-तीन वर्षांत निरुपयोगी होणारी. उंच मुलाच्या घरी त्याहूनही लवकर. त्यामुळे मूल पुढे वाढणारच आहे, तर मोठेच आसन एकदम घ्यावे, हा हिशेब पालक करतात. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेण्याची आपली जुनी रीत आहे. गणवेश सैल झाला तर बाह्या दुमडता येतात. आसनाच्या बाबतीत ती सोय नसते.

येथे शासनाचे काम सुरू होते. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप या मूल्यमापनात मुलांच्या सुरक्षेसाठी ४९ गुण ठेवले आहेत आणि दीड व तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे चाचणीत वापरले जातात. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण त्यातून गाडीची पारख होते, घरच्या मुलाला कोणते आसन लागेल हे कळत नाही. तेव्हा प्रत्येक आसनाच्या खोक्यावर वयाऐवजी उंचीची आणि वजनाची मर्यादा मोठ्या मराठी अक्षरांत छापण्याचे बंधन घालावे. कलम १९४-ब मधील ‘किंवा’ लहान मुलांपुरता काढून टाकावा. अमेरिकेत १९८०च्या दशकात रुग्णालये व नागरी संस्था अशी आसने भाड्याने किंवा उसनी देत असत. आपल्याकडील प्रसूतिगृहांना व सहकारी ग्राहक भांडारांना असा उपक्रम अवघड नाही. उंच मुलाच्या पालकांना त्याचा विशेष लाभ होईल, कारण आसन लवकर बदलण्याचा भुर्दंड त्यांनाच अधिक पडतो.

मुलांसाठीच्या आसनांमुळे मोटारीतील बालमृत्यू निदान साठ टक्क्यांनी घटू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतका परतावा देणारा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अंदाजपत्रकात दुसरा क्वचितच सापडेल. मात्र तो परतावा आसन मुलाच्या मापाचे असेल तरच मिळतो. लसीकरणाच्या दिवशी दवाखान्यात मुलाची उंची व वजन मोजून कार्डावर नोंदवले जाते. हे कार्ड दुकानात जाताना बरोबर न्यावे, आणि कायदा करणाऱ्यांनीही तसल्याच एखाद्या कार्डाकडे पाहून आपले कलम पुन्हा लिहावे.